सीटचं दुसरं बटण

भिंगसाहेबांनी चार महिन्यांत अकरा गाड्या नापास केल्या होत्या, आणि त्याही अशा थाटात की आपण गाडी विकायला काढली होती की जामीन मागायला आलो होतो, असा प्रश्न विकणाऱ्याला पडावा.

भिंगसाहेब हे अर्थात त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. विमा कंपनीसाठी ठोकलेल्या, बुडालेल्या, जळालेल्या गाड्या तपासण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली आणि या सगळ्या काळात शर्टाच्या खिशात एक भिंग कायम असायचं, म्हणून लोकांनी परस्पर बारसं करून टाकलं. निवृत्तीच्या दिवशी सहकाऱ्यांनी हौसेनं एक नवं, पितळी मुठीचं भिंग भेट दिलं, तर यांनी ते तिथल्या तिथे उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, "मूठ पितळेची की मुलामा?" मुलामाच होता. समारंभ त्यानंतर फार लांबला नाही.

त्यांची एक पद्धत होती. एकच प्रश्न तीन माणसांना, तीन वेगळ्या वेळी विचारायचा. उत्तरं जुळली नाहीत तर संशय घ्यायचा, आणि शब्दाला शब्द जुळली तर जास्त संशय घ्यायचा. या चाळणीतून आजवर कुणी पार झाल्याचं कंपनीच्या दप्तरी नोंदलेलं नाही.

आता हा माणूस स्वतःसाठी गाडी घ्यायला निघाला होता, तेही लहानसहान नाही, लांबलचक, आलिशान डिझेल सेडान. यात शौक मुळीच नव्हता. शौकाच्या नावानं त्यांच्याकडे एक रेडिओ होता, तोही बातम्यांपुरता. कारण होतं बायकोची पाठ. दोन वर्षांपूर्वी तिच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, आणि हाडांच्या डॉक्टरांनी सांगून ठेवलं, "प्रवास करा, पण ताठ बसून नाही. पाठ टेकून, पाय लांब करून." घरातल्या छोट्या गाडीची मागची सीट म्हणजे शाळेतला बाक. त्यावर पाय लांब करायचे तर दार उघडं ठेवायला लागलं असतं.

आणि जायचं होतं नऊ तासांच्या रस्त्यावर, तिच्या ताईकडे. आई लवकर गेल्यावर हिला अंगाखांद्यावर वाढवलेली ही ताई आता अधूनमधून माणसं विसरायला लागली होती. परवा फोनवर तिनं "कोण बोलतंय?" असं तीनदा विचारलं. फोन ठेवल्यावर बायको बराच वेळ हातातला चष्मा पुसत राहिली. मग म्हणाली, "हे बघा, मला ती ओळखतेय तोवर जायचंय. नंतर विमानच आणलंत दारात तरी उपयोग नाही."

हे भिंगसाहेबांना पटलं होतं. पटलं होतं म्हणून तर ते एवढ्या बारकाईनं बघत होते, असं त्यांचं म्हणणं. बायकोचं म्हणणं निराळं होतं, पण ती ते त्या काळात मनातच ठेवायची.

गाडी डिझेलचीच हवी, हेही त्यांनी विचारांती ठरवलेलं. भाचा म्हणाला, "मामा, आता कोण डिझेल घेतं? बॅटरीवाली घ्या, आवाजसुद्धा येत नाही."

"आवाज येत नाही, वास येत नाही, धूर दिसत नाही," भिंगसाहेब म्हणाले. "मग ती आजारी आहे हे मला कळणार कसं? डिझेल इंजिन कुरकुर करून सांगतं तरी."

"आणि लांबच्या रस्त्याला तेच परवडतं, असं म्हणायचंय त्यांना," बायकोनं भाषांतर केलं.

तर अकरा गाड्या. एक पांढरी होती. बाहेरून दुधासारखी. यांनी मागच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढला, तर पार टोकाला वाळलेल्या गाळाची रेघ. गाडी पुराच्या पाण्यात छातीपर्यंत उभी राहिलेली. एकीचं मीटर सांगे अडतीस हजार किलोमीटर, आणि ब्रेकच्या पायपट्टीचं रबर झिजून लोखंड दिसत होतं. एकीच्या सहा काचांपैकी पाच एका सालच्या आणि एक दुसऱ्या सालची. एका गाडीत तर इतका अत्तराचा फवारा मारलेला होता की यांनी आत न बसताच "काय लपवताय?" म्हणून विचारलं. विकणारा म्हणाला, "काही नाही, माझ्या सासूची आवड." गाडी तिथेच नापास.

बारावी निघाली खोकेवाल्यांची. पुठ्ठ्याची खोकी बनवायचा त्यांचा कारखाना होता. पन्नाशीचा, घाईतला, बोलता बोलता घड्याळ बघणारा माणूस. बंगल्याच्या पोर्चमध्ये गाडी उभी होती. गर्द निळी, लांबीला अशी की पोर्च तिच्या मापानं बांधला असावा. सहा वर्षं वय, एकेचाळीस हजार किलोमीटर. कागद खोकेवाल्यांच्या आईच्या नावावर, कारण गाडी वडिलांच्या पैशातून आलेली. म्हणजे सही आईची लागणार. बाकी सगळा व्यवहार मुलाचा.

बायको मागच्या सीटवर बसली. दारातली कळ दाबली तशी सीटची पाठ हळूच मागे गेली, पायांखाली पट वर आला. गेली दोन वर्षं कुठेही बसताना तिच्या तोंडून "आई गं" निघायचं, ते आज निघालं नाही. डोळे मिटून ती म्हणाली, "हीच."

"श्श! त्यांच्यासमोर नको," भिंगसाहेब दातांतल्या दातांत पुटपुटले. "भाव वाढतो."

तेवढ्यात आतून खोकेवाल्यांच्या आई आल्या. सत्त्याहत्तरच्या, ठेंगण्या, पांढरा अंबाडा, चालणं मात्र तुरुतुरु. "पुरुषमाणसांना बघू दे त्यांचे नटबोल्ट. तू चल गं, चहा घेऊ," म्हणून बायकोला घेऊन गेल्या. त्या दोघींचा चहा पाऊण तास चालला. आतून मधेच हसण्याचा आवाज आला, तेव्हा भिंगसाहेब गाडीखाली आडवे होते. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

मग प्रश्न झाले. गाडी कोण चालवतं? खोकेवाले म्हणाले, "एकच ड्रायव्हर, एकोणीस वर्षं आमच्याकडे आहे. घर ते कारखाना, चार किलोमीटर. बस." ड्रायव्हर साठीचा, खाली बघून बोलणारा. त्याला वेगळं गाठून विचारलं. "मी एकटाच साहेब. घर ते कारखाना, चार किलोमीटर. बस." निघताना आईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "घर ते कारखाना, चार किलोमीटर. बस."

तिसऱ्या 'बस'ला भिंगसाहेबांचे कान उभे राहिले.

आणि खरी गंमत त्यांना चालकाच्या सीटवर बसल्यावर कळली होती. असल्या गाड्यांच्या दारावर दोन बटणं असतात. एकेका चालकाला सोयीची सीट त्यात साठवून ठेवता येते. बटण दाबलं की सीट आपोआप आपल्या मापाची होते. पहिलं बटण दाबलं, सीट मागे गेली, खाली बसली. ड्रायव्हर उंच होता, बरोबर. दुसरं दाबलं. सीट घुर्र करत पुढे, आणखी पुढे, मग वर, आणि स्टिअरिंग खाली. भिंगसाहेबांचे गुडघे थेट डॅशबोर्डला टेकले. कुणीतरी बुटकं माणूस ही गाडी चालवत होतं, आणि घरातलं प्रत्येक तोंड ते नाही म्हणत होतं.

"असेल बाई कुणीतरी," परत जाताना बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली. "गाडी चांगली आहे ना? मग घ्या."

"चांगली दिसतेय, यातच गोम आहे."

"मग विचारा की सरळ."

"सरळ विचारल्यावर सरळ उत्तर येत असतं, तर कंपनीनं मला एकतीस वर्षं पगार कशाला दिला असता?"

बायकोनं उशी पाठीमागे सरकवली आणि "आई गं" म्हणाली.

दुसऱ्या फेरीला भिंगसाहेब ओळखीच्या मिस्त्रीला घेऊन गेले. मिस्त्रीनं स्कॅनर जोडला, पडद्यावरचे आकडे वाचले आणि कपाळाला आठी घातली.

"काय निघालं?"

"काहीच नाही निघालं, तेच तर."

मिस्त्रीनं समजावलं ते असं. डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारा एक फिल्टर असतो. त्यात साठलेली काजळी जाळून टाकायला इंजिन चांगलं तापावं लागतं, म्हणजे गाडी अर्धा-पाऊण तास हमरस्त्यावर वेगात पळावी लागते. चार-चार किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचा हा फिल्टर वर्षा-दोन वर्षांत तुंबतो. बदलायचा खर्च ऐकून मालक गाडीच विकायला काढतात. "आणि हिचा फिल्टर बघा, धुऊन ठेवलेल्या गाळणीसारखा. नोंद दिसतेय. दर आठवड्याला एकदा काजळी जळलीय. गुरुवारी, सकाळी अकरा-बाराच्या सुमाराला. सात महिने तरी चुकलेला नाही."

म्हणजे माणसं सांगत होती गाडी गावाबाहेर जात नाही, आणि गाडी सांगत होती मी दर गुरुवारी जाते. भिंगसाहेबांचा अनुभव असा की गाडी खोटं बोलत नाही, तिला खोटं बोलायला लावावं लागतं. हिशेब त्यांनी तिथेच जुळवला. गाडी मालकाची, डिझेल मालकाचं, मालक गुरुवारी सकाळी कारखान्यात. ड्रायव्हर कुणा बुटक्या जोडीदाराला गाडी भाड्यानं देतो आणि कमाई खिशात. मग मीटरसुद्धा तेवढ्यापुरतं बंद ठेवत असणार. एकेचाळीस हजार काय, लाखाच्यावर गेलेली असेल. त्या शांत, खालमानी ड्रायव्हरकडे बघून त्यांना आता जवळजवळ आदर वाटायला लागला. एकोणीस वर्षं! काय साळसूद तोंड ठेवलंय!

त्या आठवड्यात ताईनं फोनवर बहिणीला ओळखलं, पण तिच्या नवऱ्याविषयी "तो गेला ना गं?" असं विचारलं.

"मी? गेलो?" भिंगसाहेब हबकले.

"गाड्या बघायला गेलेत म्हटलं," बायको म्हणाली. "आले की सांगते."

गुरुवारी बायको व्यायामाच्या बाईकडे गेली आणि भिंगसाहेबांनी आपली छोटी गाडी खोकेवाल्यांच्या गल्लीच्या तोंडाशी, एका टेम्पोच्या आडोशाला लावली. साडेदहाला निळी गाडी बाहेर पडली. चालवायला ड्रायव्हर, मागे खोकेवाल्यांच्या आई, त्या ठेंगण्या आजीबाई. म्हणजे म्हातारीलाही सामील करून घेतलंय की काय? की तिला कुठेतरी सोडून पुढे धंदा? गावाबाहेरच्या पेट्रोल पंपापाशी गाडी थांबली. भिंगसाहेब हवा भरायच्या यंत्रामागे थांबले. इथेच तो जोडीदार येणार.

जोडीदार कुणी आला नाही. ड्रायव्हर उतरला, मागचं दार उघडलं. आजीबाई उतरल्या, पर्समधून काळा चष्मा काढून लावला, पदर खोचला, आणि चालकाच्या सीटवर जाऊन बसल्या. बसण्याआधी दारावर बोट टेकवलं. सीट घुर्र करत पुढे आली, वर झाली. ड्रायव्हर शेजारी बसला, हात मांडीवर जुळवून, परीक्षेला बसलेल्या मुलीच्या बापासारखा. गाडी भिंगसाहेबांच्या नाकासमोरून गेली, तेव्हा आजीबाईंचा चेहरा त्यांना पुरता दिसला. तो चेहरा घरी चहा पाजणाऱ्या बाईचा नव्हता. ओठ मिटलेले, हनुवटी वर, कुणाचं ऐकून घ्यायचं नाही अशी.

भिंगसाहेब मागे लागले. लागले म्हणजे काय, मिनिटभर लागले. आजीबाईंनी हमरस्त्यावर चढता चढता एक ट्रक, मग दुसरा, मग ट्रकांची जोडगोळी मागे टाकली, प्रत्येक वेळी दिवा दाखवून, शिस्तीत. यांच्या छोट्या गाडीनं नव्वदीला कापायला सुरुवात केली, पंचाण्णवला काहीतरी सैल होऊन वाजायला लागलं. निळा ठिपका चढावावर दिसला आणि नाहीसा झाला. भिंगसाहेब पंपावर परत येऊन थांबले. पाऊण तासानं ती गाडी पंपावर परतली, खिडक्या उघड्या. आजीबाई उतरल्या, अंबाडा सारखा केला, मागच्या सीटवर जाऊन बसल्या आणि पुन्हा सत्त्याहत्तरच्या झाल्या.

म्हणजे गाडी प्रामाणिक होती. मीटर खरं होतं, फिल्टर म्हणूनच साफ होता, ड्रायव्हर चोर नव्हता. दुसरा कुणी असता तर पंपावरच्या पोऱ्याला चहा पाजून सरळ घरी आला असता आणि बायकोला म्हणाला असता, भर बॅग. भिंगसाहेबांनाही हायसं वाटलं. पुढच्या सिग्नलपर्यंत ते टिकलं.

सिग्नलला त्यांना आठवलं, 'न सांगितलेला चालक'. नोकरीत त्याचा एक ठरलेला दर होता. विमा उतरवताना ज्या चालकाचं नाव दिलेलं नाही तो गाडी चालवताना आढळला, तर दाव्यातून दहा टक्के वजा. कित्येक वर्षं त्यांनी ते दहा टक्के लोकांच्या तोंडासमोरून कापले होते. आता ते आपल्याच किमतीत कापून घ्यायची पाळी आली, तर सोडायचे? आणि पुन्हा, तपासात सापडलेली गोष्ट समोरच्याकडून कबूल करून घेतल्याशिवाय फाईल बंद कशी होणार? म्हातारीला मुलानं गाडी चालवायची बंदी केली असेल, कबुलीनं ड्रायव्हरची नोकरी जाईल, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही असं नाही. पण त्या रकान्याला आजवर फॉर्ममध्ये कधी जागा नव्हती.

रात्रीच्या जेवणाआधी ते लिहायला बसले. मुद्दा एक, दोन, तीन.

"काय चाललंय?" बायकोनं विचारलं.

"रिपोर्ट."

"गाडी घ्यायला जाताय की जप्ती आणायला?" ती म्हणाली आणि हात पुढे केला. "बघू."

"शनिवारी कळेल सगळ्यांना," म्हणत त्यांनी कागदाची घडी घालून भिंगाशेजारी ठेवली.

शनिवारी खोकेवाल्यांच्या दिवाणखान्यात सगळे जमले. टेबलावर कागद पसरलेले, ड्रायव्हर दाराशी दोन्ही किल्ल्या हातात घेऊन उभा. आजीबाईंनी चष्मा लावून पेनाचं टोपण काढलं होतं. खोकेवाले घड्याळ बघत होते.

"सही होण्यापूर्वी," भिंगसाहेबांनी घसा साफ केला, "तीन मुद्दे आहेत. त्यानुसार किमतीतून दहा टक्के कमी व्हावेत असं माझं मत आहे. मुद्दा पहिला. चालकाच्या सीटच्या दुसऱ्या बटणावर एका कमी उंचीच्या व्यक्तीचं माप साठवलेलं आहे. अशी कुणी व्यक्ती गाडी चालवत असल्याचं आपण सांगितलेलं नाही."

"कमी उंचीची?" खोकेवाले हसले. "अहो, कुणाचा हात लागला असेल."

"मुद्दा दुसरा. गेल्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता हमरस्त्यावर ही गाडी एक बाई चालवत होत्या. ड्रायव्हर शेजारी बसलेला होता. मी स्वतः पाहिलं."

खोकेवाल्यांचं हसू मावळलं. ते सावकाश दाराकडे वळले. "कोण बाई?"

ड्रायव्हर जमिनीकडे बघत राहिला.

"एकोणीस वर्षं झाली तुला. मी विचारतोय, कोण बाई? आईला मी स्टिअरिंगला हात लावायचा नाही म्हणून बजावलंय, ते तुझ्यासमोर. तिचे डोळे, तिचं वय. ती तर नव्हती?" त्यांचा आवाज चढला. "आई?"

आजीबाईंनी पेनाचं टोपण लावलं. चष्मा काढला. पंपावर दिसलेली ती हनुवटी वर आली. "मी..."

"मी होते," बायको म्हणाली.

खोलीतली सगळी डोकी एकदम वळली. भिंगसाहेबांचं जरा उशिरा वळलं.

"मी होते हो. रागावू नका त्यांना, माझीच हौस," बायको पाठीमागची उशी नीट करत म्हणाली, जणू भाजीचा भाव सांगत होती. "लांबच्या रस्त्याला आलटून पालटून चालवावी लागली तर पाठीला झेपेल का, ते बघायचं होतं. काकूंना विचारलं, त्या म्हणाल्या जा, ड्रायव्हरमामा बसतील शेजारी. चप्पल काढून चालवली, ब्रेक जरा कडक वाटला. ते बटण पण मामांनीच लावून दिलं पहिल्या दिवशी, मी म्हटलं पाय पोचत नाहीत. यांना सांगितलं असतं तर यांनी आधी माझी तपासणी केली असती. म्हणून व्यायामाला जाते म्हटलं."

"पण हे म्हणतात, यांनी स्वतः पाहिलं!"

"पाहिलं असेल. यांचं भिंग जवळच्या वस्तूंसाठी आहे."

खोकेवाल्यांना हसू फुटलं, पण ते अर्ध्यावर थांबलं. ते आता भिंगसाहेबांकडे बघत होते, आणि ती नजर भिंगसाहेबांच्या चांगली ओळखीची होती. एकतीस वर्षं ती त्यांनी दुसऱ्यांवर वापरली होती.

"म्हणजे साहेब, तुम्ही स्वतःच्या बायकोच्या मागावर गेला होतात? आणि वर ओळखलीही नाहीत?"

भिंगसाहेबांच्या हातात कागद होता आणि अंगठ्याखाली तिसरा मुद्दा. 'दर गुरुवारी, किमान सात महिने.' एवढं एक वाक्य वाचलं की झालं. सात महिन्यांपूर्वी बायकोनं ही गाडी पाहिलीही नव्हती. दहा टक्के, अब्रू आणि फाईल, तिन्ही एका वाक्यात परत. त्यांनी वर पाहिलं. ड्रायव्हर दोन्ही किल्ल्या छातीशी धरून उभा होता. आजीबाई त्यांच्याकडे बघतच नव्हत्या, त्या बंद पेनाकडे बघत होत्या. बायको मात्र बघत होती, गॅसवरच्या दुधाकडे बघावं तशी. विनवणी नाही, दटावणी नाही. नुसतं लक्ष.

"तिसरा मुद्दा राहिला," खोकेवाल्यांनी आठवण केली.

"हो. तिसरा." भिंगसाहेबांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "मागच्या उजव्या चाकात हवा कमी आहे."

"आणि त्याचे दहा टक्के?"

"हवा भरून मिळाली तर काही कमी करायची गरज नाही."

"आणि बाकीचं?"

"बाकीची," भिंगसाहेब म्हणाले आणि हे शब्द त्यांच्या तोंडून उमटताना जरा अडखळले, कारण आयुष्यात पहिल्यांदाच येत होते, "माझी चूक."

कागदाची घडी त्यांनी अशी बारीक घातली की ती भिंगाच्या मागे दिसेनाशी झाली.

"बघ, मला उगाच वाटलं तू..." खोकेवाले आईकडे वळले.

"मी? आता या वयात?" आजीबाई म्हणाल्या आणि टोपण काढून ठसठशीत सही केली.

"बाईंचा हात हलका आहे हो," ड्रायव्हर भिंगसाहेबांच्या बायकोकडे बघत म्हणाला. त्याला बरंच काही बोलायचं असावं, एवढंच निघालं.

पोर्चमध्ये आजीबाईंनी तिचा हात हातात घेतला. "आठवड्यातून एकदा तरी हिला मोकळं पळव. गावात बांधून ठेवली की हिचा जीव गुदमरतो."

"आई, तुला काय कळतंय गं त्यातलं?" खोकेवाले घड्याळ बघत म्हणाले.

दोन दिवसांनी पहाटे निघायच्या आधी बायकोनं ताईला फोन केला. पहिल्याच हाकेला आवाज ओळखला गेला. "लवकर ये," ताई म्हणाली, "मी दुपारी झोपणार नाही आज."

गाडी हमरस्त्यावर चढली आणि पळतच राहिली, खाली कुठे रस्ता आहे याची जाणीवही न देता. मागच्या सीटवर बायको पाय लांब करून पडली होती. भिंगसाहेब इंजिनाची कुरकुर ऐकत होते. तक्रारीला जागा नव्हती, हे त्यांना जरा गैरसोयीचं वाटत होतं.

"तुला कधी कळलं?" शेवटी त्यांनी विचारलं.

"पहिल्याच दिवशी. चहाच्या वेळी. हसून हसून सांगत होत्या. डॉक्टर म्हणाला होता डोळे उत्तम, परवाना पुढच्या वर्षापर्यंत आहे. पण मुलानं ठरवलं. त्यांनीच मला सांगितलं, संध्याकाळचं जरा पुसट दिसायला लागलंय, आता गाडी गेली की आपणहून थांबायचं. मुलानं थांबवलं म्हणून नव्हे."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही तीन जणांना विचारलंत. चौथी मी होते."

एक ट्रक मागे पडला. मग त्यांच्यातला जुना तपासनीस हळूहळू जागा झाला आणि शनिवारचा तो प्रसंग पुन्हा तपासायला लागला. चप्पल काढून चालवली. ब्रेक कडक वाटला. व्यायामाला जाते म्हटलं. खोटं बोलणारी माणसं एक तर फार कमी सांगतात, नाही तर फार जास्त. हिनं नेमकं हवं तेवढं सांगितलं होतं. आवाज हलला नाही, पापणी हलली नाही. असा दावा त्यांच्या टेबलावर आला असता, तर त्यांनी पूर्ण रक्कम मंजूर केली असती.

इतकी सफाई एका शनिवारात येत नाही.

लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. भिंगसाहेबांनी वेग जरा कमी केला. त्यांचा तो पिवळा कोट लाँड्रीनं हरवला होता. असं ती म्हणाली होती. आईनं दिलेली काचेची मोठी सुरई शेजाऱ्यांच्या मांजरानं पाडली, असंही तीच म्हणाली होती. त्या वर्षी शेजारी कोण राहत होतं? ते तर कुत्रेवाले. आणि त्यांची ती बदली, दूरच्या गावची, जी वरच्या साहेबांनी अचानक रद्द केली होती, ती रद्द होण्याच्या आदल्या दिवशी ही साहेबांच्या बायकोकडे वाटी परत करायला गेली होती. कसली वाटी?

"अगं," ते आवाज शक्य तितका साधा ठेवून म्हणाले, "आपल्या त्या कुत्रेवाल्या शेजाऱ्यांकडे कधी मांजर होतं का गं?"

त्यांनी मागच्या आरशात पाहिलं. बायकोचे डोळे मिटलेले, श्वास संथ, हात पोटावर. तोंडाच्या कोपऱ्यात एक बारीकशी मुरड होती. ती झोपेतली होती की जागेपणीची, हे एवढ्या अंतरावरून सांगता येण्यासारखं नव्हतं, आणि भिंग खिशात असलं तरी दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.